ट्रॉय न पाहिलेला गायक

‘इलियड’ आणि ‘ओडिसी’ मिळून जवळपास 28,000 ओळी होतात. एवढ्या विस्तारात कवी स्वतःची ओळख कुठेच देत नाही. नाव नाही, गाव नाही, आणि डोळे अधू असल्याची खूणही नाही. तरीही होमर आंधळा होता ही समजूत अडीच हजार वर्षे टिकून आहे. तिचा सर्वांत जुना धागा या दोन काव्यांच्या बाहेर, अपोलो देवाच्या एका स्तोत्रात सापडतो. डेलॉस बेटावर आयोनियन ग्रीकांची जत्रा भरली आहे. गायक तिथल्या मुलींच्या मेळ्याला विनवतो की उद्या कोणी परका येऊन सर्वांत गोड गायक कोण असे विचारील, तेव्हा कीऑस या खडकाळ बेटावरच्या आंधळ्याकडे बोट दाखवा. थुसिडिडीस या इतिहासकाराने इ.स.पू. 5व्या शतकात हा भाग होमरचा म्हणूनच उद्धृत केला आणि त्यावर शिक्कामोर्तब झाले. आज बहुतेक अभ्यासक हे स्तोत्र ‘इलियड’च्या कवीचे मानत नाहीत, प्राचीन टीकाकारांपैकीच एकाने ते कीऑसच्या किनेथस या गायकाच्या नावावर घातले आहे. मार्टिन वेस्ट यांनी तर 1999 मध्ये असे मांडले की होमर हा पूर्वजच मुळात ‘होमरिडाय’ म्हणवणाऱ्या गायकांनी आपल्या नावावरून घडवला. तेव्हा एका विशिष्ट माणसाला दिसत होते की नव्हते, याचा निकाल आता लागणार नाही. पण स्तोत्रामुळे एक गोष्ट हाती लागते. इ.स.पू. 6व्या शतकापर्यंत ग्रीक गायक भर जत्रेत आंधळेपण ही आपली ओळख म्हणून सांगू शकत होता, आणि त्याच्या सांगण्यात लाज नव्हती, मान होता.

प्राचीनांनीही या प्रश्नावर बराच खल केला. पुढच्या काळात होमरची जी चरित्रे रचली गेली, त्यांतल्या एकात तो डोळ्यांच्या आजाराने आंधळा होतो. दुसऱ्या एका कथेत अकिलीसचे दर्शन मागतो आणि त्याच्या चिलखताच्या झळाळीने त्याचे डोळे जातात. याउलट वेलियस पॅटर्क्युलस हा रोमन इतिहासकार होमरला जन्मांध मानणाऱ्यांवर उखडतो आणि अशा माणसाची स्वतःचीच सगळी इंद्रिये बधिर असली पाहिजेत असे म्हणतो. कित्येक शतकांनंतर प्रोक्लसने तीच री ओढली. ल्युशियनने इ.स. 2ऱ्या शतकात मृतांच्या बेटाची सफर लिहिली. तिथे होमर भेटतो तेव्हा त्याचे डोळे धडधाकट असल्याचे प्रवाशाला दिसतेच, विचारावे लागत नाही. या सगळ्यांच्या मनात एकच गृहीतक आहे: काव्यात जे दिसते ते आधी कवीच्या डोळ्यांना दिसले असणार. ते मोडले सिसेरोने. होमर आंधळा होता असे सांगतात, आणि तरी त्याने प्रदेश, किनारे, लढाया अशा रंगवल्या की त्याला स्वतःला जे दिसले नाही ते आपल्याला दिसले, असा त्याचा आशय आहे. या वादात इतके नेमके विधान क्वचितच कोणी केले असेल. दुर्दैवाने पुढची चर्चा त्याच्या मागे गेली नाही. ती काव्यात रंग किती, आवाज किती, हे मोजत बसली.

मला वाटते, अंधत्वाचा ठसा काव्यातल्या वर्णनांत शोधणे हीच मूळ चूक आहे. वर्णनांचा पोत परंपरेने घडवलेला असतो, आणि परंपरा डोळस व आंधळ्या अशा सगळ्या गायकांची मिळून बनते. अंधत्वाचा ठसा शोधायचा तर गायक जे सांगतो ते त्याला कोठून कळले, त्याचा अधिकार कशावर उभा आहे आणि श्रोत्यांशी त्याचे नाते काय आहे, या ठिकाणी शोधावा. तिथे तो सापडतो, आणि ‘ओडिसी’त तर उघडपणे सापडतो.

आधी वर्णनांचे पाहू, कारण विरोधी पक्षाचा सगळा जोर तिथेच आहे. ‘इलियड’च्या 18व्या सर्गात अकिलीसच्या ढालीवर दोन नगरे, नांगरणी, कापणी, द्राक्षमळा, नाच असे अख्खे जग कोरले जाते. उपमांमधले सिंह, मेंढपाळ, पुराचे पाणी इतके नेमके आहेत की वाचणारा थबकतो. जेनी स्ट्रॉस क्ले यांनी 2011 मध्ये दाखवून दिले की ‘इलियड’मधले रणांगण गोंधळाचे नाही, ग्रीक छावणीकडून ट्रॉयकडे तोंड करून उभे राहिले की डावी-उजवी बाजू, भिंत, खंदक, कोण योद्धा कुठे लढतो आहे, हे सगळे शेकडो ओळींनंतरही जुळते. हे काम आंधळ्याला कसे जमेल, असा प्रश्न साहजिक आहे. त्यावर पहिले उत्तर सरळ आहे. प्राचीन जगात डोळे जात ते बहुधा रोगाने, जखमेने किंवा म्हातारपणाने. पाहिलेले जग स्मरणात घेऊन आंधळा झालेला माणूस हा तिथला नेहमीचा आंधळा होता. आयर्लंडचा वीणावादक ओकॅरोलन देवीच्या साथीत ऐन तारुण्यात आंधळा झाला, मिल्टनची दृष्टी गेल्यानंतर ‘पॅराडाइज लॉस्ट’ 1667 मध्ये छापले गेले. पण या उत्तरावर थांबले तर आपण पुन्हा ‘कवीने पाहिले असणारच’ या गृहीतकाकडे परततो. त्याहून मोलाचा पुरावा जपानमध्ये आहे.

जपानचे ‘हेइके मोनोगातारी’ हे 12व्या शतकातल्या यादवी युद्धाचे महाकाव्य शतकानुशतके बिवा हे तंतुवाद्य वाजवत गायले ते आंधळ्या गायकांनी. त्याचा सर्वमान्य पाठ काकुइची या आंधळ्या गायकाने 1371 मध्ये सांगून लिहवून घेतला. आणि या काव्यात आहे काय? योद्धा रणात उतरला की त्याच्या अंगरख्याचा रंग, चिलखताच्या गाठींचा रंग, घोड्याचा रंग, सगळे क्रमाने येते. याशिमाच्या किनाऱ्यावर शत्रूच्या नावेत काठीवर लाल पंखा उभारलेला आहे, त्यावर सूर्यबिंब आहे, आणि लाटांवर हेलकावणारा तो पंखा घोड्यावरून बाण मारून पाडायचा आहे, हा प्रसंग जपानी पोरासोरांनाही ठाऊक आहे. आंधळ्यांच्या संघाने पिढ्यान्‌पिढ्या तो गायला. मूळ रचना डोळस पंडिताची होती, गायकांनी नुसती पाठ केली, असा आक्षेप इथे घेतला जातो. पण 14व्या शतकातला लेखक योशिदा केन्को नेमकी उलटी आठवण नोंदवतो. त्याच्या म्हणण्याप्रमाणे लिहिणारा दरबारी होता, पण धनुष्य, घोडे, लढाईचे डाव यांची माहिती त्याच्या सोबतच्या आंधळ्या गायकाने पूर्वेकडच्या योद्ध्यांना विचारून विचारून आणली. सर्बियाचा फिलिप विश्निच हा त्याचाच सख्खा भाऊ शोभावा. 1767 मध्ये जन्मलेला हा गायक आठव्या वर्षी देवीच्या रोगाने आंधळा झाला. 1804 मध्ये तुर्कांविरुद्ध उठाव सुरू झाल्यावर त्याने त्या ताज्या लढायांवर गाणी रचली, आणि त्यासाठी तो लढून परतलेल्यांकडून हकिकती मिळवत असे. वुक कराजिच यांनी ती गाणी त्याच्या तोंडून उतरवून घेतली. रणांगण पाहिलेल्या कोणाही गायकापेक्षा ती कमी ‘दिसतात’ असे सर्बियात कोणी म्हणत नाही. आपल्याकडे सूरदासाच्या कृष्णरूपाच्या वर्णनांवरून तो जन्मांध असणे शक्य नाही असा वाद घातला जातो; तिथेही हाच घोटाळा आहे.

रंगांचा मुद्दा उलट बाजूने येतो. ग्लॅडस्टन हे ब्रिटनचे पंतप्रधान होण्याच्या दहा वर्षे आधी, 1858 मध्ये, होमरवर तीन जाडजूड खंड लिहून मोकळे झाले होते. होमरचे रंग विचित्र आहेत हे त्यांनी दाखवले: समुद्र मद्यासारखा, मध हिरवट, आणि निळ्या आकाशाचा उल्लेखच नाही. यावरून कवीला दिसत नव्हते असा तर्क करण्याचा मोह होतो. ग्लॅडस्टन स्वतः त्या मोहाला बळी पडले नाहीत. त्या काळच्या ग्रीकांना रंगांची जाणच कमी होती, असे ते म्हणाले. तेही चूक निघाले, कारण रंगांची नावे थोडी असणे हे अनेक जुन्या भाषांचे लक्षण आहे, डोळ्यांचे नव्हे. शिवाय समुद्राला लावलेले तेच विशेषण होमर बैलांनाही लावतो. ते चालीत बसणारे तयार पद आहे. मिल्मन पॅरी यांनी 1928च्या प्रबंधापासून हेच सिद्ध केले की अशी पदे एका माणसाच्या निरीक्षणातून आलेली नाहीत, ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या गायनाने घोटून ठेवलेली सामग्री आहे. हा मुद्दा इथेच संपतो.

स्मरणशक्तीचा मुद्दा इतका झटपट निकालात निघत नाही. आंधळ्याची स्मरणशक्ती तल्लख असते आणि म्हणूनच गायक आंधळे असत, असे व्हिको या नेपल्सच्या तत्त्वज्ञाने 18व्या शतकात लिहिले. आता त्याला प्रयोगांचा थोडा आधार मिळाला आहे. एहुद झोहारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये असे पाहिले की डोळस माणसात दृष्टीचे काम करणारा मेंदूचा भाग जन्मांधांमध्ये शब्द आठवताना कामाला लागतो. 2007 मध्ये त्यांनीच शब्दांचा क्रम लक्षात ठेवण्यात जन्मांध लोक डोळसांच्या बरेच पुढे असल्याचे दाखवले. क्रमाचे महत्त्व ‘इलियड’च्या दुसऱ्या सर्गातली जहाजांची यादी वाचणाऱ्याला कळते: 29 तुकड्या, 1186 जहाजे, गावामागून गाव. तरीही या निष्कर्षावर फार भार टाकता येत नाही. पॅरी आणि त्यांचे शिष्य आल्बर्ट लॉर्ड यांनी 1933 ते 1935 या काळात युगोस्लाव्हियातल्या गायकांची गाणी ध्वनिमुद्रित केली तेव्हा दिसले की हे गायक पाठ म्हणत नव्हते, गाता गाता रचत होते. अवदो मेजेदोविच या बियेलो पोल्ये गावच्या खाटकाने बारा हजारांवर ओळींचे एक गाणे सांगितले. त्याला दिसतही होते आणि लिहिता-वाचता येत नव्हते. आंधळे गायक त्यांनाही भेटले, पण 1930च्या दशकातल्या तिथल्या परंपरेचे महत्त्वाचे वाहक ते नव्हते, असे लॉर्ड यांनी स्पष्ट लिहिले आहे. गंमत अशी की त्याच गायकांच्या तोंडी मागच्या पिढीतल्या हुसो या आंधळ्या गायकाचे नाव सारखे येई आणि अनेकांची गुरुपरंपरा त्याच्यापाशी पोचे. प्रत्यक्षात उत्तम गायक डोळस होता, पण मूळपुरुष आंधळाच आठवला जात होता. होमरच्या बाबतीतही असेच झाले असेल, ही शक्यता मी नाकारत नाही.

म्हणजे आंधळेपणाने गायक चांगला होतो असे नाही. मग आंधळे गायक इतक्या देशांत का आढळतात? ज्या समाजात नांगर, वल्हे, मेंढरे आणि भाला यांवर पुरुषाची किंमत ठरते, तिथे न दिसणाऱ्या माणसाला गाणे आणि भविष्यकथन एवढीच मानाची दारे उघडी असतात. युक्रेनमध्ये कोबझा किंवा लिरा वाजवत फिरणाऱ्या आंधळ्या गायकांचे संघ होते, त्यांची सांकेतिक बोली होती, उमेदवारीची वर्षे होती. ही व्यवस्था जिथे होती तिथे आंधळा गायक परंपरेच्या मध्यभागी होता. 1930च्या दशकातल्या युगोस्लाव्हियात ती नव्हती, तिथे तो कडेला गेला. ग्रीसमध्ये काय होते? ‘ओडिसी’च्या 17व्या सर्गात बाहेरून मुद्दाम बोलावून आणाव्यात अशा कसबी लोकांची नावे येतात: भविष्यवेत्ता, वैद्य, सुतार आणि गायक. गायन हा हुन्नर होता, त्यावर पोट भरत होते. मात्र तो आंधळ्यांचाच हुन्नर नव्हता. इथाकाच्या राजवाड्यात गाणारा फेमियस डोळस आहे. आंधळा आहे तो दुसरा गायक, फिएशियन लोकांचा डेमोडोकस, आणि सगळ्या प्रश्नाचे मर्म त्याच्यापाशी आहे.

8व्या सर्गात डेमोडोकसला सभेत आणले जाते तो प्रसंग सावकाश वाचण्याजोगा आहे. म्यूझने, म्हणजे काव्यदेवतेने, त्याच्यावर प्रेम केले, डोळे नेले आणि गोड गाणे दिले, एवढे सांगून कवी पुढच्या तपशिलाला लागतो. दूत त्याला घेऊन येतो. चांदीच्या खिळ्यांची खुर्ची पाहुण्यांच्या मधोमध, उंच खांबाला टेकवून ठेवली जाते. वीणा त्याच्या डोक्यावरच्या खुंटीला अडकवली जाते, आणि हात वर करून ती कशी घ्यायची हे दूत त्याला दाखवून देतो. शेजारी टेबल, त्यावर भाकरीची टोपली, हाताशी मद्याचा पेला. गाणे संपल्यावर वीणा पुन्हा खुंटीवर जाते आणि दूत हाताला धरून त्याला बाहेर नेतो. नंतर ओडिसियस डुकराच्या मांसाचा उत्तम तुकडा कापून पाठवतो तो समोर ठेवला जात नाही, डेमोडोकसच्या हातांत दिला जातो. खांब पाठीशी हवा, वाद्य ठरल्या जागी हवे, जागा हाताने समजावून द्यायला हवी, अन्न हातात द्यायला हवे: हे सगळे गोष्टीच्या गरजेपुरते नाही. गोष्टीला ‘आंधळा गायक आला’ एवढे पुरले असते. आंधळ्या गायकाला भरल्या घरात काय लागते हे जवळून ठाऊक असलेल्या माणसाने हा प्रसंग घडवला आहे. तो माणूस आंधळा होता की आंधळ्या गुरूचा हात धरून हिंडलेला शिष्य होता, हे यातून ठरत नाही. पण आंधळे गायक या परंपरेच्या आत होते, आणि या काव्याला त्यांच्या गरजा माहीत होत्या, याचा इतका भक्कम पुरावा दुसरा नाही.

पुढे जे घडते ते त्याहून मोठे आहे. डेमोडोकस ट्रॉयची गाणी गातो, आणि सभेत अनोळखी पाहुणा म्हणून खुद्द ओडिसियस बसलेला आहे. तो त्या युद्धात होता. तो डोक्यावरून जांभळे वस्त्र ओढून घेऊन रडतो. मग तो गायकाची स्तुती करतो की जणू तू स्वतः तिथे होतास किंवा तिथे असलेल्याकडून ऐकलेस, इतके तू नीट सांगतोस. आणि परीक्षा घ्यावी तसा लाकडी घोड्याचा प्रसंग मागतो: तोही असाच सांगितलास तर देवाने तुला गाणे दिले हे मी सर्वांना सांगेन. सबंध सभेत त्या रात्री ट्रॉयमध्ये असलेला एकच माणूस आहे, आणि तो आंधळ्या गायकाच्या कथनाची साक्ष घेतो आहे. डेमोडोकस परीक्षेत उतरतो. ओडिसियस पुन्हा रडतो. इथे परंपरेने स्वतःलाच कसोटीला लावले आहे. ट्रॉय न पाहिलेला गायक ट्रॉय पाहिलेल्याला पटेल असे गाऊ शकतो का? कवीने ही कसोटी डोळस फेमियसवर घेतली असती तर ती अर्धीच झाली असती. त्याने मुद्दाम असा गायक निवडला ज्याच्या बाबतीत ‘कदाचित त्याने पाहिले असेल’ ही पळवाट उरत नाही. डेमोडोकसच्या ट्रॉयविषयीच्या दोन गाण्यांमधल्या तिसऱ्या गाण्यातही हीच खोड दिसते. लंगडा हेफिस्टस देवांनाही दिसणार नाही असे जाळे विणून चपळ युद्धदेव एरिसला पकडतो, ही कथा आंधळ्याच्या तोंडी घातली आहे. हा योगायोग असेल असे मला वाटत नाही.

डोळ्यांनी पाहिलेले खरे, कानांनी ऐकलेले खोटे, आणि खऱ्या-खोट्यात चार बोटांचे अंतर, अशी आपल्याकडे म्हण आहे. ग्रीकांचाही तोच विश्वास होता. म्हणून जहाजांच्या यादीआधी ‘इलियड’चा कवी म्यूझना हाक मारतो तेव्हा तो उघड कबुली देतो: त्या सर्वत्र होत्या, त्यांना सगळे ठाऊक आहे; माणसांच्या वाट्याला नुसती कीर्ती ऐकणे येते. ऐकण्याची गोष्ट येते तिथे तो ‘आम्ही’ म्हणतो. ट्रॉयच्या बाबतीत गाणारे सगळेच न पाहिलेले आहेत आणि ऐकणारेही. अंधत्व ही त्या सर्वांच्या स्थितीची सर्वांत स्वच्छ अवस्था आहे. महाभारताने हीच रचना उलटी बांधली: तिथे आंधळा श्रोता आहे, आणि दिव्यदृष्टी मिळालेला संजय त्याला युद्ध सांगतो. त्या धृतराष्ट्राच्या जागी ग्रीक सभेतला प्रत्येक श्रोता बसलेला असतो, म्हणून वर्णन डोळ्यांपुढे उभे राहणे ही ऐकणाऱ्याची गरज आहे. कवीच्या डोळ्यांशी तिचा संबंध लावायचे कारण नाही.

अंधार, स्पर्श आणि आवाज यांचे प्रसंग या काव्यांत आहेतच, आणि ते फार सुंदर आहेत. ‘इलियड’च्या 10व्या सर्गात रात्री हेरगिरीला निघालेल्या दोघांना अथीनाने पाठवलेला बगळा दिसत नाही, त्याचे ओरडणे तेवढे ऐकू येते. लाकडी घोड्यात कोंडलेल्या योद्ध्यांना बाहेरून हेलन त्यांच्या बायकांच्या आवाजात हाका मारते. डोळा फोडलेला पॉलिफीमस गुहेच्या दारात हात पसरून बसतो आणि मेंढ्यांच्या पाठी चाचपतो. म्हातारी दाई युरिक्लिया पाय धुताना ओडिसियसच्या मांडीवरचा जुना व्रण हाताने ओळखते; पाय सुटून परातीत आदळतो, ब्राँझ खणाणते, पाणी सांडते. ओडिसियस ओळखला जातो तो डोळ्यांना दिसणाऱ्या रूपावरून नव्हे, कारण अथीनाने ते बदललेले आहे. यावरून ‘ओडिसी’चा कवी आंधळा होता असे सिद्ध करणारे लेखक आहेत, मी त्यांच्या रांगेत उभा राहणार नाही, कारण अशा वेच्यांइतकेच डोळ्यांनी टिपलेले वेचे कोणीही काढून दाखवील. ‘इलियड’मध्ये तर मरण म्हणजे डोळ्यांवर अंधार येणे, जगणे म्हणजे सूर्याचा प्रकाश पाहणे, हीच घोटलेली भाषा आहे. धुक्यात वेढलेला एजॅक्स झ्यूसकडे मागतो ते एवढेच, की मारायचे तर उजेडात मार. दृष्टी ही या काव्याला अत्यंत मोलाची आहे. परंतु ज्ञानाची शेवटची साक्ष म्हणून ती पुरी पडत नाही, हेही हेच काव्य जाणते, आणि आंधळ्या गायकाला मानाची खुर्ची देणाऱ्या परंपरेकडून तेच अपेक्षित आहे.

सर्वांत वजनदार आक्षेप पुराणकथेच्या बाजूने येतो. ग्रीकांच्या कल्पनेत डोळे जातात आणि देव बदल्यात काही देतात: टायरेसियसला भविष्य, हिरोडोटसने सांगितलेल्या इव्हेनियसला तसेच. स्टेसिकोरस कवीने हेलनची निंदा केली म्हणून त्याची दृष्टी गेली आणि शब्द मागे घेतल्यावर परतली. रिचर्ड बक्स्टन यांनी 1980 मध्ये हा साचा उलगडला, आणि बार्बरा ग्राझिओसी यांनी 2002 मध्ये दाखवले की होमरच्या अंधत्वातून त्याची देवांशी जवळीक आणि श्रोत्यांपासूनचे अंतर सुचवले जाते. साचा आहे हे मला मान्य आहे. पण साचा असला म्हणून वस्तुस्थिती नाहीशी होत नाही. बदल्यात गाणे मिळते ही कथा तिथेच रुजते जिथे आंधळे प्रत्यक्ष गाताना दिसतात. आणि ‘इलियड’ स्वतः या साच्याला छेद देते: म्यूझशी स्पर्धा करू पाहणाऱ्या थॅमिरिसला त्या अपंग करतात, पुढची परंपरा त्याला आंधळा म्हणते, पण त्याचे गाणेही जाते. अंधत्वाबरोबर प्रतिभा आपोआप मिळते असे होमरच्या काव्यात नाही. खुंटीवरची वीणा हाताने दाखवून देणारा दूत कोणत्याही पुराणकथेच्या साच्यातून आलेला नाही.

शेवटी एक व्यावहारिक परिणाम उरतो, ज्याकडे या चर्चेत कमी लक्ष गेले आहे. कवी आंधळा असेल तर काव्य त्याने सांगितले आणि दुसऱ्याने लिहिले. लॉर्ड यांनी 1953 मध्ये नेमका हाच तर्क मांडला, कवीला न दिसण्यावरून नव्हे तर त्याला लिहिता न येण्यावरून. सांगून लिहवताना गायकाला श्रोत्यांची घाई नसते, म्हणून गाणे लांबते, असा त्यांचा अनुभव होता. काकुइची आणि विश्निच यांची काव्येही अशीच लेखणीखाली आली. या बाबतीत आंधळा आणि निरक्षर एकाच नावेत आहेत: दोघांनाही मागे जाऊन ओळ तपासता येत नाही. ‘इलियड’च्या 5व्या सर्गात पायलेमेनीस हा सेनानायक मारला जातो, आणि 13व्या सर्गात तोच आपल्या मुलाच्या प्रेतामागून रडत चालतो. पाने उलटणाऱ्याला ही चूक ताबडतोब सापडते. ती पहिल्यांदा ज्याला खुपली असेल तो वाचणारा असणार. गाणाऱ्याला आणि त्याच्यापुढे बसलेल्यांना त्या क्षणी एक बाप मुलामागे चालतो आहे एवढेच हवे होते.